पाहुण्याला विचारावं लागू नये: तीन रात्रींच्या मुक्कामाची तयारी

आत्या आमच्याकडे तीन रात्री राहून गेली. त्यानंतर चार महिन्यांनी फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, "तुझ्याकडे होते तेव्हा मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते गं. रात्री उठायची वेळ आली तर बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठं आहे तेच मला सापडत नव्हतं. कुणाला उठवायचं तर जिवावर यायचं."

ती तेव्हा 74 वर्षांची होती. मी रुग्णालयात 22 वर्षं नर्स म्हणून काम केलंय. वॉर्डातल्या एखाद्या आजींनी संध्याकाळपासून पाणी घेतलं नसतं, तर ते माझ्या पहिल्याच फेरीत लक्षात आलं असतं. घरात मात्र तीन दिवस कळलं नाही, कारण ते तीनही दिवस मी ओट्यापाशी उभी होते.

त्या फोननंतर मी तयारीची पद्धतच बदलली. आता प्रत्येक गोष्ट मांडताना मनात एकच प्रश्न असतो: यासाठी पाहुण्याला कुणाला विचारावं लागेल का? लागणार असेल तर उत्तर आधीच त्याच्या नजरेसमोर ठेवायचं. कारण माणसं विचारत नाहीत. भूक लागली तरी थांबतात, थंडी वाजली तरी अंग आकसून झोपतात, आणि सकाळी "छान झोप लागली" म्हणतात.

आमचं घर मोठं नाही. दोन खोल्या, बैठकीची खोली, एक बाथरूम आणि शेजारी वेगळं टॉयलेट. घरातले आम्ही चौघं. जोडून सुट्ट्या आल्या की आणखी पाच जण येतात, काही नात्यातले, काही मैत्रीतले. शुक्रवारी संध्याकाळी येतात, सोमवारी दुपारी निघतात. खालचे आकडे त्या नऊ जणांच्या हिशोबाने आहेत. तुम्ही तुमच्या माणसांप्रमाणे बदलून घ्या.

आठवडाभर आधीचा फोन

ग्रुपवर "काय चालतं, काय चालत नाही ते कळवा" असा निरोप टाकला की सगळ्यांचं उत्तर एकच येतं: "आम्हाला काहीही चालतं." ते खरं नसतं. म्हणून मी प्रत्येकाला वेगळा फोन करते आणि प्रश्न असा विचारते की दोनातलं एक निवडावंच लागेल. "झोपायची काय सोय करू?" असं विचारायचं नाही. "खाली गादी घालू की पलंग ठेवू?" असं विचारायचं. "लवकर उठता का?" याऐवजी "सकाळी सहाला चहा लागतो की आठला?" पलंग मागायला संकोच वाटतो, पण दोन पर्याय समोर आले की माणूस मोकळेपणानं एक निवडतो. गुडघे दुखणाऱ्याला जमिनीवरून उठणं किती कठीण जातं ते मी रोज पाहिलंय, आणि अशी माणसं स्वतःहून सांगत नाहीत हेही पाहिलंय.

औषधांबद्दल स्पष्ट विचारा. "फ्रीजमध्ये ठेवायचं काही आहे का?" हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं. ते गोठलं की निकामी होतं, मग वितळवून वापरता येत नाही. त्यामुळे फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून किंवा बर्फाच्या कप्प्याखाली ते ठेवायचं नाही. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला एक छोटा डबा ठेवा आणि वर त्या व्यक्तीचं नाव लिहा. मग दर वेळी "माझं ते जरा काढून देता का?" असं सगळ्यांदेखत म्हणायची वेळ तिच्यावर येत नाही.

अ‍ॅलर्जीबद्दल विचारताना "आवडत नाही" आणि "त्रास होतो" या दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. शेंगदाणे खाऊन ओठ सुजणाऱ्या माणसाच्या ताटात शेंगदाण्याच्या भाजीतला चमचाही जाऊन चालत नाही. असं कुणी येणार असेल तर त्या तीन दिवसांत तो पदार्थ घरात शिजवूच नका. वेगळं भांडं, वेगळा डाव, हे दहा माणसांच्या गर्दीत टिकत नाही.

आणि जायची वेळ विचारा. हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण टाळतो. मी सरळ सांगते, "सोमवारी दुपारचं जेवण करून निघा, तीनपर्यंत मी मोकळी आहे." म्हणजे त्यांना तिकिटं काढता येतात आणि मला शेवटच्या दिवसाची पोळी किती हे कळतं.

त्यांच्या अंथरुणात आधी आपण झोपायचं

ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही, पण यापेक्षा उपयोगी काही मला सापडलेलं नाही. पाहुणे यायच्या तीन-चार दिवस आधी, ते जिथे झोपणार आहेत तिथे मी एक रात्र झोपते. गादीही तीच, उशीही तीच, आणि डोकं त्याच बाजूला.

पहिल्यांदा झोपले तेव्हा काय काय कळलं! राउटरचा हिरवा दिवा थेट डोळ्यांवर येतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक दिवसा कधी ऐकू आली नव्हती, रात्री ती सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. पंख्याचं वारं एका गादीवर नुसतं आदळतं आणि दुसरीवर पोहोचतच नाही. चष्मा ठेवायला हाताशी काही नाही. फोन चार्जिंगला लावायचा तर उठून दारापर्यंत जावं लागतं. पहाटे साडेपाचला पडद्याच्या फटीतून उजेड येतो. एकेक गोष्ट पाच मिनिटांत सुधारण्यासारखी होती. राउटरवर कागदाची पट्टी, घड्याळ दुसऱ्या खोलीत, गादी दीड फूट सरकवली, उशाशी एक स्टूल, भिंतीलगत एक्स्टेन्शन बोर्ड, आणि पडद्याला दोन चिमटे.

रात्री उठून टॉयलेटपर्यंत जाऊन या, तेही दिवा न लावता. कुठे पाय अडखळतो, कुठे पायपुसणं सरकतं, कुठला उंबरठा लक्षात राहत नाही, ते तेव्हाच कळतं. वयस्क माणसं रात्री पडतात ती याच वाटेवर. आम्ही त्या वाटेवर जमिनीपासून हातभर उंचीवर दोन छोटे पिवळे दिवे लावले आहेत, ते रात्रभर चालू असतात. दिवा पिवळा आणि मंद हवा. पांढऱ्या लख्ख उजेडानं झोप पार उडते. वाटेतली चप्पल, बॅगा, चार्जरच्या वायरी सगळं बाजूला. सुटी पायपुसणी तीन दिवसांपुरती गुंडाळून ठेवा, किंवा खाली न सरकणारी जाळी घाला.

गाद्या आणि उशा दोन दिवस कडक उन्हात घाला. कपाटात दडपून ठेवलेल्या अंथरुणाला दमट वास येतो, आणि दम्याच्या माणसाला तो आपल्या आधी जाणवतो. चादरी नि उशांचे अभ्रे 60 अंशाच्या गरम पाण्यात धुतले की धुळीतले सूक्ष्म कीटक मरतात, थंड पाण्यानं ते मरत नाहीत. पांघरुणं माणशी एक, आणि दोन जास्तीची खुर्चीवर उघड्यावर ठेवा. कपाटात ठेवली तर कुणी उघडून घेणार नाही.

प्रत्येकाच्या उशाशी मी काय ठेवते ते सांगते: झाकणाची पाण्याची भरलेली बाटली, धुतलेला टॉवेल, खुंटी किंवा हँगर, आणि बॅग ठेवायला जमिनीपासून उंच जागा. बॅग खाली असली की दर वेळी वाकावं लागतं. शिवाय बॅगेत गोळ्या असतात, आणि घरात रांगणारं, चालणारं मूल असलं तर ते बॅगेपर्यंत पोहोचतंच.

हे शेवटचं जरा थांबून वाचा. आजी-आजोबांच्या पर्समधल्या गोळ्या मुलांनी खाल्ल्याचे प्रसंग वॉर्डात मी स्वतः हाताळलेत. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मी मोठ्यांच्या डोक्याइतक्या उंचीवर एक फळी रिकामी करते, तिच्यावर "सगळ्यांची औषधं" अशी चिठ्ठी लावते आणि आल्या आल्या पाणी देतानाच सांगते, "औषधांच्या पिशव्या तेवढ्या इथे ठेवा." सगळ्यांना एकच सूचना असली की कुणाला वेगळं वाटत नाही. रिमोट आणि खेळण्यांमधल्या नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्यांची झाकणंही तपासा. गिळलेली अशी बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. मुलानं ती गिळल्याची शंका जरी आली तरी लगेच रुग्णालय गाठायचं, वाट पाहायची नाही.

तान्हं बाळ येणार असेल तर त्याची झोपायची जागा वेगळी, सपाट आणि कडक हवी. बाळ उताणं, जवळ उशी नाही, मऊ खेळणी नाहीत. दमलेल्या आईबापांनी बाळाला घेऊन सोफ्यावर झोपणं धोक्याचं असतं. म्हणून घरात गर्दी असली तरी त्यांना गादीचीच जागा द्या.

नऊ माणसं, एक बाथरूम

इथे गणित मांडल्याशिवाय भागत नाही. आमचा गीझर 15 लिटरचा, 2000 वॉटचा. नळाचं पाणी 20 अंश असेल तर ते 60 अंशांपर्यंत तापायला साधारण 20 मिनिटं लागतात. 60 अंशाच्या 15 लिटरमध्ये तितकंच थंड पाणी मिसळलं की 40 अंशाचं 30 लिटर पाणी होतं, म्हणजे बेताच्या दोन आंघोळी. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं थंड पाणी टाकीत शिरत असतं. नऊ जणांच्या आंघोळींना पाच वेळा पाणी तापवावं लागेल, आणि नुसत्या तापवण्यातच जवळजवळ पावणेदोन तास जातील. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी सहज सोडतो, तेव्हा एकानं पाच मिनिटं घेतली की पुढच्याला थंड पाणी.

म्हणून सकाळच्या आंघोळी पाचच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. मुलं संध्याकाळी खेळून आल्यावर, आम्ही दोघं रात्री झोपताना. पाहुण्यांना मी हे शुक्रवारीच सांगते, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून: "एकानंतर दुसऱ्याला वीस मिनिटं थांबावं लागतं, तेवढं सांभाळून घ्या." सांगितलं की सगळे आपापसात ठरवतात. सांगितलं नाही तर थंड पाण्यानं आंघोळ करणारा माणूस तोंडातून शब्द काढत नाही. घरात गॅसचा गीझर असेल तर खिडकी उघडी राहील याची खात्री करा आणि दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडं टाका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि रंगही नसतो.

टॉयलेटमध्ये ज्या वस्तू मागायला लाज वाटते त्या डोळ्यांसमोर हव्यात. सॅनिटरी पॅडचं पाकीट, झाकणाचा डबा, त्यात पिशवी, कागदी पिशव्यांची चळत, जास्तीचा साबण, टॉयलेट पेपर, ब्रश, आणि तुंबलं तर लागणारा रबरी पंप. हा पंप आम्ही आधी गॅलरीत ठेवायचो. एका मैत्रिणीच्या मुलीनं अर्धा तास आत कोंडून घेतलं, कारण पाणी खाली जात नव्हतं आणि बाहेर येऊन सांगायचं कसं हे तिला कळत नव्हतं. बारा वर्षांची पोर. त्या दिवसापासून पंप तिथेच, कोपऱ्यात, उघड्यावर.

जेवण: किती, केव्हा, आणि उरलेलं कुठे

तीन दिवसांत सगळी मिळून सहा जेवणं आणि तीन नाश्ते होतात. सगळं ताजं, सगळं गरम, सगळं स्वतः करायचं ठरवलं की तुम्ही पाहुण्यांना फक्त पाठमोऱ्या दिसता. माझा नेम असा: दिवसातून एकच जेवण थाटाचं, सगळ्यांनी एकत्र बसून. दुसरं जेवण एका भांड्यातलं, साधं. नाश्ता ज्यानं त्यानं हातानं घ्यायचा. टेबलावर सकाळी सहापासून फळं, ब्रेड, उकडलेली अंडी, दूध आणि गरम पाण्याचा थर्मास असतो. लवकर उठणाऱ्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही, उशिरा उठणाऱ्याला कुणाची नजर टोचत नाही. चहा-साखरेच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात साखर शोधणं म्हणजे पाच डबे उघडणं, आणि दुसऱ्याचे डबे उघडायला कुणाला आवडत नाही.

अंदाज: भात हेच मुख्य असेल तर माणशी 75 ग्रॅम कच्चा तांदूळ, बरोबर आणखी दोन-तीन पदार्थ असतील तर 50 ग्रॅम पुरतो. शिजल्यावर वजन जवळजवळ तिप्पट होतं. नऊ जणांना 700 ग्रॅम म्हणजे दोन किलोच्या आसपास भात. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर धरलं तरी दिवसाला 18 लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. गाळणी सावकाश चालत असेल तर आदल्या रात्रीच भरून ठेवा.

आता उरलेल्या अन्नाचं. याबद्दल मी फार आग्रही आहे. भरल्या घरात सगळे एकदम आजारी पडतात ते बहुतेक वेळा बाहेर राहिलेल्या अन्नानं. साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न त्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही, आणि उन्हाळ्यात हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. गप्पा रंगल्या की भांडी टेबलावरच राहतात. मी जेवायला वाढताना फोनवर दीड तासाचा गजर लावते. गजर वाजला की गप्पा चालू ठेवूनच सगळं उचलायचं.

भाताची वेगळी काळजी घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणून "सकाळी फोडणी देऊन परतू" असं म्हणत रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात मी कुणालाही खाऊ देत नाही. उरलेला भात, रस्सा, डाळ उथळ ताटांत दोन बोटं जाडीचा थर करून पसरा, लवकर निवतं, मग फ्रीजमध्ये. अख्खं पातेलं तसंच आत ठेवलं तर त्याचा मध्य कितीतरी तास कोमट राहतो. पुन्हा गरम करताना मधून वाफ आली पाहिजे, नुसत्या कडा गरम होऊन चालत नाही.

फ्रीज ठासून भरला की आत हवा खेळत नाही आणि तापमान चढतं. ते 4 अंश किंवा त्याखाली हवं. छोटा थर्मामीटर आत ठेवून बघा, खूप घरांत ते त्याहून जास्त असतं. सरबतं, पाण्याच्या बाटल्या, सोडा हे सगळं बाहेर काढा आणि बर्फ घातलेल्या मोठ्या बादलीत ठेवा. मुलं दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडायची थांबतात, तो फायदा वेगळाच. कच्चं मांस-मासे सगळ्यात खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत. द्राक्ष उभं चार तुकड्यांत कापा. मोठ्यांसाठी ठेवलेली दाण्यांची वाटी बुटक्या टेबलावर नको. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही, कितीही लाडानं कुणी पुढे केलं तरी.

"काय करू?" याला उत्तर तयार ठेवा

माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा राहायला आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "ताई, काय करू?" मी म्हटलं, "काही नको गं, तू बस." तिनं त्या दिवशी तीनदा विचारलं, तीनदा मी तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना माझ्या मनात आलं, ही एकदाही मदतीला आली नाही. केवढा अन्याय केला मी तिच्यावर. बसून राहणारा माणूस पाहुणाच राहतो. ज्याच्या हाताला काम मिळतं तो घरातला होतो, आणि ती वाट मीच तिच्यासाठी बंद केली होती.

आता फ्रीजच्या दारावर कामांची यादी असते. वॉर्डात पाळी बदलताना काम सोपवायची जी रीत होती तीच इथे. काम लहान, सुरुवात-शेवट ठरलेला, आणि सामान कुठे आहे ते सोबत लिहिलेलं. "मदत करा" असं लिहून काही होत नाही. "दुपारी एकला नऊ ताटं मांडणे, ताटं डावीकडच्या खालच्या कपाटात" असं लिहिलं की होतं. "रात्री बाटल्या भरून उशाशी ठेवणे." "कोशिंबीर, सुरी पाटावरच आहे." मुलांना चित्र काढून. पुरुषमंडळींची नावं मी स्वतः लिहून टाकते, रिकामी जागा ठेवत नाही. माझा दीर भांडी विसळायला उभा राहिला तर आधी सगळे बघत राहिले. आता तो नि माझा नवरा दोघं मिळून रात्रीची भांडी करतात, आणि त्यांच्या सगळ्यात जास्त गप्पा तिथेच होतात.

कुणी कप चुकीच्या जागी ठेवला तर ठेवू द्या, मंगळवारी हलवता येतो. लगेच उठून सरळ केला तर ती व्यक्ती पुन्हा हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवसाची दुपार

पहिला दिवस उत्साहात जातो, शेवटचा आवराआवरीत. चिडचिड होते ती दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच. झोप कमी झालेली असते, आवाज खूप झालेला असतो, आणि सतत कुणाच्या तरी समोर असल्याचा शीण आलेला असतो. त्या दोन तासांत मी काहीच ठरवत नाही. उलट जेवतानाच जाहीर करते, "तीन ते पाच घर शांत. झोपा, वाचा, फिरायला जा." एक खोली पूर्ण बंद, आत बोलायचं नाही. थकलेल्या माणसाला "मला जरा एकटं बसायचंय" म्हणावं लागत नाही, तो सरळ त्या खोलीत जातो. मुलांना घेऊन कुणीतरी बाहेर जायचं, त्याचं नाव यादीत असतं.

बाकी दिवसाला एकच बेत. एक बाहेरचं फिरणं किंवा एक खेळ. दोन ठरवले की दुसरा घाईत होतो.

नात्यातली माणसं आणि मित्र एकत्र असतील तर मित्रांकडे जास्त लक्ष असू द्या. घरच्यांच्या गोष्टींत "ती मावशी", "तो किस्सा" असं चालू झालं की मैत्रीण हसरा चेहरा करून बसून राहते. ओळख करून देताना नुसतं नाव सांगू नका, दोघांना जोडणारं काहीतरी सांगा. "हिच्या गच्चीत चाळीस कुंड्या आहेत, आणि वन्सं, तुमचा गुलाब सारखा का सुकतोय ते हिला विचारा." पुढचा तास त्या दोघींचा.

स्वतःचा पलंग देऊ नका. मी खूप वर्षं दिला. तिसऱ्या दिवशी पाठ धरलेली आणि झोप अपुरी, मग माझा आवाज चढायचा, तोही मुलांवर. आता गुडघ्याचं दुखणं असलेलं कुणी असेल तरच देते.

कुणी आजारी पडलं तर

एका डब्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉल, पट्ट्या, कापूस, ओआरएसची पाकिटं ठेवा आणि डब्याची जागा सगळ्यांना दाखवा. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण मोजूनच घ्या, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. उलट्या-जुलाब झालेल्या माणसानं बरं वाटल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांचं अन्न हाताळायचं नाही. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली 20 सेकंद हात धुवायचे.

आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात घराचा पूर्ण पत्ता, मजला, ओळखीची खूण आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावा. तुम्ही घरात नसताना फोन पाहुण्यालाच करावा लागू शकतो, आणि घाबरलेल्या माणसाला "पत्ता सांगा" म्हटलं की तो गप्प होतो. त्याच कागदावर खाली वाय-फायचा पासवर्ड लिहा, म्हणजे तो कागद सगळे पहिल्याच दिवशी वाचतात.

निघताना

दारापाशी एक मोठी टोपली ठेवते, "कुणाचं हे?" असं लिहून. चार्जर, मोजे, केसांच्या पिना, कवळीची डबी, सगळं रविवारपासून तिच्यात जमत जातं. सोमवारी सकाळी फ्रीजमधला औषधांचा डबा आणि उंच फळी दोन्ही रिकामी झाली का ते मी स्वतः बघते. प्रवासासाठी डबा द्यायचा तर कोरडा द्या. ओलं, शिजवलेलं अन्न चार तास गाडीत कोमट राहणार असेल तर देऊ नका, कितीही द्यावंसं वाटलं तरी.

ते गेल्यावर चादरी काढा, पण गाद्या लगेच गुंडाळू नका. तीन रात्रींचा घाम त्यांच्यात मुरलेला असतो, एक दिवस उघड्या वाळू द्या. मग चहा करून घेऊन बसा आणि वहीत लिहा: काय संपलं, काय उरलं, कुणाला काय लागलं. आठवड्यानं काहीही आठवत नाही. माझ्या वहीत गेल्या खेपेची नोंद अशी आहे: "दूध दीड लिटर कमी पडलं. ब्रेड खूप उरला. दिराला उंच उशी. मैत्रिणीच्या मुलीला दुधाचा चहा नको, कोरा. बाथरूममध्ये आणखी दोन खुंट्या. आत्या: उशाजवळची बाटली तिन्ही सकाळी रिकामी."